मेल गेला, पण पोचला नाही: काळ्या यादीत अडकलेला पत्ता सोडवायचा कसा

वाशीतल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात माझी महिन्यातून दोनतीनदा फेरी असते. प्रिंटर, वायफाय, टॅली, मेल, जे बिघडेल ते. मागच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी शेठचा फोन आला, आवाज चढलेला. न्हावा शेवाला कंटेनर उतरला होता, डिलिव्हरी ऑर्डरसाठी शिपिंग लाइनला मेल बुधवारीच केला होता, आणि तिकडचा माणूस म्हणत होता, "आमच्याकडे काही आलंच नाही." मी पोचलो तेव्हा ऑफिसातल्या ताई सेंट फोल्डर उघडूनच बसल्या होत्या. "हे बघा दादा, अकरा वाजून दहा मिनिटांनी गेलाय."

दोघंही खरं बोलत होते. मेल गेला होता आणि समोरच्या सर्व्हरने तो दारातूनच परत पाठवला होता. परत आल्याची चिठ्ठी ताईंच्या इनबॉक्समध्ये अकरा वाजून अकरा मिनिटांनी येऊन पडली होती. लांबलचक इंग्रजी, मधेमधे आकडे, पाठवणारा कुणी ‘मेल डिलिव्हरी सिस्टिम’. ताईंनी ती जंक समजून सोडून दिली. दोन दिवसांत कंटेनरचे फ्री डेज संपले आणि पुढचं भाडं रिक्षाच्या मीटरसारखं पडायला लागलं.

गंमत म्हणजे त्या चिठ्ठीत सगळं लिहिलेलं होतं. कुणी अडवलं, कोणत्या यादीवरून, आणि कुठे जाऊन बघायचं, तेसुद्धा. पुढचं सगळं त्या चिठ्ठीपासूनच सुरू होतं. स्वतःच्या नावाचं डोमेन आहे, मेल कुठल्यातरी होस्टिंगवर आहे आणि आयटीवाला म्हणून वेगळा माणूस ठेवलेला नाही, अशी ऑफिसं तुर्भे, महापे, रबाळेपासून ठाण्याच्या वागळे इस्टेटपर्यंत गल्लोगल्ली आहेत. हे त्यांच्यासाठी.

बाउन्स आधी वाचा, डिलीट नंतर करा

‘मेल जात नाहीये’ या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी असतात आणि तिघांचं औषध वेगळं.

पहिलं, मेल परत येतो. याला बाउन्स म्हणतात. दुसरं, मेल पोचतो पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो. तिसरं, परतही येत नाही आणि स्पॅममध्येही दिसत नाही. म्हणजे समोरच्या कंपनीच्या फिल्टरने तो क्वारंटाइनमध्ये टाकलाय आणि ते फक्त त्यांच्या आयटीवाल्यालाच दिसतं. काळ्या यादीचा थेट संबंध बहुतेक वेळा पहिल्याशी असतो. दुसऱ्यात, विशेषतः जीमेलवर, दोष बहुधा यादीचा नसतो. तिथे तुमच्या डोमेनची पत आणि कागदपत्रं बघितली जातात. हे न बघता लोक थेट ‘आमचं नाव यादीतून काढा’ म्हणून फॉर्म भरत सुटतात आणि आठवडा वाया घालवतात.

बाउन्स उघडला की आधी तीन अंकी आकडा शोधा. चारने सुरू होणारा, म्हणजे ४२१ किंवा ४५१ वगैरे, असेल तर ‘आत्ता नाही, नंतर ये’. सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करत राहतो. पाचने सुरू होणारा, ५५० किंवा ५५४, असेल तर ‘नाही म्हणजे नाही’. त्याच्या पुढचं वाक्य महत्त्वाचं. ताईंच्या चिठ्ठीतलं वाक्य साधारण असं होतं: ‘५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल. क्लायंट होस्ट २०३.०.११३.२५ ब्लॉक्ड युजिंग झेन डॉट स्पॅमहाउस डॉट ऑर्ग’. आयपी म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता. इथला आकडा मी बदललाय. हा पत्ता नमुन्यासाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांमधला आहे, तो तपासत बसू नका. या एका ओळीत तिन्ही गोष्टी आल्या: कोणता आयपी अडला, कोणत्या यादीने अडवला, आणि ठाम नकार आहे की तात्पुरता.

ओळीत यादीचं नाव नसेल तर आकडा बोलतो. जीमेलकडून ५.७.२६ आला तर मामला यादीचा नाही, पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही असा आहे. आउटलुक डॉट कॉमकडून ‘एस३१४०’ असं काही दिसलं तर तुमच्या सर्व्हरचा पत्ता किंवा त्याच्या आजूबाजूचा पट्टा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या यादीत आहे. आणि ‘एरर, ओपन रिझॉल्व्हर’ असे शब्द दिसले तर खुशाल समोरच्याच्या आयटीवाल्याला फोन करा, चूक त्याची आहे. ती कशी, ते पुढे सांगतो.

ही यादी नेमकी असते काय

पुष्कळांना वाटतं की कुठेतरी सरकारी नोंदवही आहे आणि त्यात आपलं नाव चढलंय. तसं काही नाही. १९९७ च्या सुमारास पॉल विक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यांची पहिली अशी यादी चालवली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस सुरू केलं आणि आज सर्वात जास्त वजन त्याच यादीला आहे. या खाजगी संस्था. त्या कुणाचा मेल अडवत नाहीत, नुसती यादी ठेवतात. अडवतो तो समोरचा सर्व्हर, त्या यादीवर विश्वास ठेवून. सोसायटीचा वॉचमन शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारतो ना, "ह्याला ओळखतोस का रे?" तसंच.

विचारण्याची पद्धत साधी आहे. मेल घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याचा आयपी उलटा लिहितो, २०३.०.११३.२५ चं २५.११३.०.२०३ होतं, त्यापुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या इंटरनेटच्या डिरेक्टरीला, विचारतो, या नावाचा पत्ता काय? ‘असं काही नाही’ असं उत्तर आलं तर नाव यादीत नाही. १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर आलं तर आहे. शेवटचा अंक कारण सांगतो. स्पॅमहाउसच्या झेन यादीत २ म्हणजे एसबीएल, ३ म्हणजे सीएसएस, ४ म्हणजे एक्सबीएल, १० किंवा ११ म्हणजे पीबीएल.

ही अक्षरं पाठ करू नका, पण फरक समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. एसबीएल म्हणजे स्पॅमचा खरा संशय, माणसांनी तपासून केलेली नोंद. सीएसएस म्हणजे पाठवण्याची लक्षणं बरी दिसत नाहीत म्हणून यंत्राने टाकलेलं नाव. एक्सबीएल म्हणजे त्या पत्त्यामागचं मशीन व्हायरसने किंवा बॉटने धरलंय. पीबीएल मात्र आरोपच नाही. घरगुती आणि ऑफिसच्या साध्या ब्रॉडबँडचे पत्ते तिथे आधीपासूनच असतात, कारण तिथून कुणी थेट मेल सर्व्हर चालवणं अपेक्षितच नाही.

बाकीच्या यादींमध्ये स्पॅमकॉपची नोंद तक्रारी थांबल्या की साधारण २४ तासांत आपोआप उतरते. बॅराकुडाची स्वतःची यादी आहे, तिथे फॉर्म भरून विनंती करता येते. यूसीईप्रोटेक्टच्या तीन पातळ्या आहेत. तिसरीत अख्ख्या नेटवर्क कंपनीचा पट्टाच्या पट्टा जातो, तुम्ही काही केलं असो वा नसो, आणि लवकर नाव काढायचे ते पैसे मागतात. माझं मत विचाराल तर तिसऱ्या पातळीकडे दुर्लक्ष करा. ती बघून मेल अडवणारे मोठे सर्व्हर मला तरी भेटलेले नाहीत. सॉर्ब्स हे नाव जुन्या सल्ल्यांत अजून सापडतं, ती यादी जून २०२४ मध्ये बंद झाली.

तपासायचा तो कोणाचा पत्ता?

दहापैकी सात जण इथेच घसरतात. ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधतात, येईल तो आकडा तपासणाऱ्या साइटवर टाकतात, पीबीएलसमोर लाल फुली दिसते आणि घाबरून ब्रॉडबँडवाल्याला शिव्या घालतात. तो ऑफिसच्या इंटरनेटचा पत्ता होता. मेल जातो तो होस्टिंगच्या सर्व्हरवरून, त्याचा पत्ता वेगळा.

खरा पत्ता असा काढा. ऑफिसच्या आयडीवरून स्वतःच्या जीमेलवर एक साधा मेल टाका. जीमेलमध्ये, मोबाइलवर नाही, कॉम्प्युटरवर, तो मेल उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून ‘शो ओरिजिनल’ घ्या. वरती एक तक्ता येतो. त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या ओळखीच्या तीन कागदांपुढे (ते काय, ते पुढे सांगतो) पास किंवा फेल लिहिलेलं असतं, आणि एसपीएफच्या ओळीत एक आयपी असतो. तो तुमचा खरा पाठवणारा पत्ता. या तक्त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, होस्टिंगवाल्याशी भांडताना लागतो.

खाली ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळींची चळत दिसेल. ती खालून वर वाचायची. सगळ्यात खालची ओळ तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची, वरच्या पुढच्या मुक्कामांच्या. काही अडाणी फिल्टर सगळ्यात खालचा पत्तासुद्धा पीबीएलमध्ये शोधतात आणि मेल अडवतात. तसं झालं तर दोष तुमचा नाही, पण ते समोरच्याला समजावून सांगावं लागतं.

आता तो आयपी एमएक्सटूलबॉक्स या याद्या तपासणाऱ्या साइटवर आणि स्पॅमहाउसच्या स्वतःच्या तपासणी पानावर टाका. डोमेनचं नावही टाका, कारण डोमेनच्या याद्या वेगळ्या असतात. स्पॅमहाउसची डीबीएल ही त्यातली मुख्य. आयपी स्वच्छ आणि डोमेन अडकलेलं असेल तर सर्व्हर बदलून काडीचाही फायदा नाही.

नाव चढलं कशामुळे

नाव काढायची घाई सगळ्यांना असते, ते चढल्याचं कारण शोधायचा मात्र कंटाळा. कारण तसंच राहिलं तर नाव काढल्यावर दोन दिवसांत परत चढतं आणि दुसऱ्या वेळी यादीवाले तेवढे दिलदार राहत नाहीत. मला भेटलेली कारणं, वारंवारितेच्या क्रमाने सांगतो.

सगळ्यात जास्त वेळा शेजारी नडतो. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर एकाच आयपीवरून शेकडो डोमेनचे मेल निघतात. त्यातल्या एकाने लॉटरीचे मेल उडवले की बाकीचे सगळे अडकतात. वाशीच्या ऑफिसात हेच झालं होतं. अशा वेळी तुमच्या हातात फार काही नसतं. होस्टिंगला टिकीट टाका, आणि महिन्यात दुसऱ्यांदा झालं तर बाडबिस्तरा गुंडाळा.

त्यानंतर मेलबॉक्सचा फुटलेला पासवर्ड. कंपनीचं नाव, ॲट, एकदोनतीन, असा पासवर्ड ठेवणारी ऑफिसं मी अजूनही दर महिन्याला बघतो. कुणीतरी तो ओळखतो आणि रात्री दोन वाजता तुमच्या ‘अकाउंट्स’ आयडीवरून हजारो मेल निघतात. ओळखायची खूण म्हणजे सकाळी इनबॉक्समध्ये अनोळखी पत्त्यांवरून आलेले शेकडो बाउन्स. होस्टिंग सांभाळायला सीपॅनल हे पॅनल असेल तर त्यात ‘ट्रॅक डिलिव्हरी’ बघा, कोणत्या आयडीवरून किती गेले ते दिसतं.

तिसरं, वेबसाइट. चार वर्षांपूर्वी कुणा मुलाने वर्डप्रेसवर करून दिलेली, नंतर कुणी हात न लावलेली. जुन्या प्लगइनच्या भोकातून कुणीतरी आत शिरतो आणि तिथून मेल पाठवतो. साइटवरच्या चौकशी फॉर्मला कॅप्चा नसेल तर त्याचाही असाच वापर होतो. आणखी एक बारीक दोष फॉर्ममध्ये असतो: भेट देणाऱ्याचा मेल आयडी तो ‘फ्रॉम’मध्ये टाकून पाठवतो. म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवतोय. ‘फ्रॉम’ तुमचा आणि ‘रिप्लाय टू’ त्याचा, असं करून घ्या.

चौथं कारण मालक मंडळींना सांगताना जीभ अडखळते. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातून गोळा केलेली व्हिजिटिंग कार्डं, किंवा ‘ठाणे-बेलापूर रोडवरच्या सगळ्या कंपन्यांचे मेल आयडी’ म्हणून कुणीतरी विकलेली एक्सेल शीट. दिवाळीच्या शुभेच्छा आणि सोबत कॅटलॉग, चार हजार जणांना, एका बैठकीत. अशा विकत घेतलेल्या यादीत सापळ्याचे पत्ते असतात. ते कुणाचेच नसतात, किंवा वर्षानुवर्षं बंद पडलेले असतात, आणि तिथे मेल आला म्हणजे पाठवणाऱ्याने परवानगी घेतलेली नाही हे सिद्ध होतं. वर हे मालक स्वतःला स्पॅमर समजत नाहीत. "अहो, मी काय लॉटरी विकतोय का?" असं एका मालकांनी मला विचारलं होतं. समोरच्याने मागितला नव्हता, एवढं यादीला पुरतं.

फॉरवर्डिंगचं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शेठला ऑफिसचे सगळे मेल स्वतःच्या जीमेलवर हवे असतात, म्हणून सरसकट फॉरवर्ड लावलेला असतो. ऑफिसच्या आयडीवर येणारा कचरासुद्धा मग तुमच्याच सर्व्हरमार्गे जीमेलकडे जातो, आणि जीमेलच्या हिशोबात पाठवणारे तुम्ही. फॉरवर्ड काढा आणि मोबाइलवर ऑफिसचा आयडी वेगळा जोडून द्या.

आणि ऑफिसातलं एखादं बाधित मशीन, किंवा कोपऱ्यातला जुना स्कॅनर, जो पोर्ट २५ वरून, म्हणजे सर्व्हरने सर्व्हरला मेल द्यायच्या दारातून, थेट मेल टाकायला बघतो. राउटरमध्ये बाहेर जाणारा पोर्ट २५ बंदच करून टाका. माणसांनी आणि मशिनांनी मेल ५८७ किंवा ४६५ वरून, आयडी-पासवर्ड देऊनच पाठवायचा.

घर आवरा

पासवर्ड फुटला असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी तो आयडी तात्पुरता बंद करा, मग पासवर्ड बदला, मग सर्व्हरच्या रांगेत अडकलेले स्पॅम मेल काढून टाकायला होस्टिंगवाल्याला सांगा. रांग रिकामी न करता नाव काढून घेतलं तर उरलेले मेल निघतात आणि नाव परत आत. दोन टप्प्यांची पडताळणी मिळत असेल तर ती लावा.

मग त्या मेलबॉक्सचे फिल्टर आणि फॉरवर्ड नियम एकेक करून उघडून बघा. हे मी कधीच टाळत नाही. पासवर्ड चोरणारे लोक बऱ्याचदा एक गुपचूप नियम लावून जातात: ज्या मेलमध्ये ‘पेमेंट’ किंवा ‘इन्व्हॉइस’ हा शब्द असेल त्याची प्रत बाहेर पाठव. पुढे तुमच्या ग्राहकाला तुमच्याच नावाने ‘आमचा बँक खाते क्रमांक बदललाय’ असा मेल जातो. तसं झालं असेल आणि पैसे गेले असतील तर यादी वगैरे नंतर बघा, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तीन कागद: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क

बँकेत चालू खातं उघडताना सहीचे अधिकार कुणाला, याचं पत्र देतो ना, एसपीएफ म्हणजे ते पत्र. माझ्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक चेकवरची सही, सर्व्हर ती प्रत्येक मेलवर आपोआप करतो. आणि सही जुळली नाही तर चेक पास करायचा, बाजूला ठेवायचा की परत पाठवायचा, ही बँकेला दिलेली सूचना म्हणजे डीमार्क.

तिन्ही डोमेनच्या डीएनएसमध्ये टेक्स्ट नोंदी म्हणून जातात. नेमका मजकूर तुमच्या मेल देणाऱ्याच्या मदत पानावर मिळतो, तो तिथूनच उचला, कुणाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधून नाही.

एसपीएफमध्ये एकाच प्रकारची चूक मला सतत दिसते: दोन नोंदी. आधी होस्टिंगची होती, नंतर गूगल वर्कस्पेस घेतलं, त्यांनी सांगितलेली नोंद कुणीतरी खाली दुसरी म्हणून टाकली. दोन नोंदी असल्या की दोन्ही बाद. एकाच नोंदीत दोघांना बसवायचं. दुसरी मर्यादा अशी की एसपीएफ तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा चालत नाहीत. मार्केटिंगचं एक टूल, बिलिंगचं एक, सीआरएम एक, असे ‘इन्क्लूड’, म्हणजे तुमच्या नावाने पाठवायची परवानगी दिलेल्या बाहेरच्या सर्व्हिस, चढवत गेलात की आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. जे वापरत नाही ते काढून टाका.

डीकेआयएम सीपॅनलमध्ये ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’खाली, गूगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिन कन्सोलमध्ये सुरू करावं लागतं. डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसऱ्याकडे असेल तर पॅनल हिरवं दाखवतं आणि खरी नोंद कुठेच नसते, कारण डीएनएस तिसरीकडून चालतो. म्हणून शेवटचा शब्द जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’ तक्त्याचा.

डीमार्क सुरुवातीला ‘नन’वर ठेवा, म्हणजे नुसतं बघा, अडवू नका. रिपोर्ट वेगळ्या मेलबॉक्सवर मागवा, नाहीतर रोजच्या झिप फाइलींनी इनबॉक्स भरतो. महिनाभर बघून मग ‘क्वारंटाइन’, त्यानंतर ‘रिजेक्ट’. महाप्यातल्या एका ऑफिसात कुणीतरी उत्साहात पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावलं आणि पगाराच्या स्लिपा पाठवणारं सॉफ्टवेअर एसपीएफमध्ये नसल्याने कुणालाच स्लिप मिळाली नाही. एक तारखेला.

हे आता ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी नियम कडक केले. दिवसाला ५००० च्या वर मेल जीमेल खात्यांवर टाकणाऱ्याला तिन्ही कागद लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव कमी करायची सोय लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि हॉटमेलसाठी तसाच नियम ५ मे २०२५ पासून आणला. तुम्ही दिवसाला साठ मेल पाठवत असाल तरी जीमेलला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवंच. दोन्ही ठेवा.

या जोडीला पीटीआर बघा, म्हणजे आयपीवरून उलट नाव काढल्यावर तुमच्या मेल सर्व्हरचं नाव यायला हवं. ही नोंद तुमच्या डोमेन पॅनलमध्ये सापडणार नाही. ज्याचा आयपी, त्यालाच ती करता येते.

आता अर्ज

कारण सापडलं, बंद केलं, कागद लागले, मग अर्ज. पीबीएल, एक्सबीएल, सीएसएस यांच्या नोंदी स्पॅमहाउसच्या तपासणी पानावरून स्वतः काढायची विनंती करता येते आणि ती फुकट असते. पीबीएलसाठी आधी विचार करा: त्या पत्त्यावर खरंच मेल सर्व्हर आहे का? नसेल तर अर्ज कशाला, पाठवण्याची पद्धत बदला. एसबीएलची नोंद मात्र ज्याचं नेटवर्क आहे त्या कंपनीच्या माणसानेच काढून घ्यायची असते, तुमचा अर्ज चालत नाही. म्हणजे होस्टिंगला टिकीट.

टिकीट टाकताना ‘आमचे मेल जात नाहीत, लवकर करा’ एवढंच लिहिलंत तर पहिल्या फळीतला मुलगा ‘कॅशे क्लिअर करा’ असं उत्तर देईल. त्यात चार गोष्टी घाला: पाठवणारा आयपी, यादीचं नाव, बाउन्सचा पूर्ण मजकूर तारीख-वेळेसकट, आणि तुमच्या बाजूने काय तपासलं ते. शेवटी स्पष्ट विचारा, ‘या आयपीवरून स्पॅम कुणी पाठवला, ते बंद केलं का, की आम्हाला दुसरा आयपी देताय?’

मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या कंपनीकडून ५.७.६०६ सारखा आकडा आला तर त्यांचं डीलिस्ट पोर्टल आहे, तिथे मेल आयडी आणि आयपी देऊन विनंती होते. आउटलुक डॉट कॉमसाठी वेगळा सपोर्ट फॉर्म. जीमेलची बाहेरून बघता येईल अशी यादीच नाही. तिथे पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन जोडून तक्रारींचं प्रमाण बघायचं आणि वागणूक सुधारायची.

अर्जात खरं लिहा. ‘आम्ही कधीच स्पॅम पाठवत नाही’ हे वाक्य यादीवाले रोज वाचतात. ‘अमुक आयडीचा पासवर्ड फुटला होता, अमुक तारखेला बदलला, रांग साफ केली’ असं लिहिलं तर काम होतं. एकच अर्ज करा, तासातासाला नाही. आणि ‘सगळ्या याद्यांतून नाव काढून देतो, इतके हजार’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तो तुमच्या वतीने तेच फुकटचे फॉर्म भरणार असतो.

तोवर धंदा कसा चालवायचा

अर्ज मंजूर होईपर्यंत मेल थांबवून चालत नाही. महत्त्वाच्या पाचसहा पार्ट्यांना फोन करा आणि त्यांच्या आयटीवाल्याकडून तुमचं डोमेन अनुमत यादीत घालून घ्या. स्पॅममध्ये पडत असेल तर समोरच्याला ‘नॉट स्पॅम’ दाबायला आणि तुमचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये टाकायला सांगा. त्याच्या खात्यापुरता तरी मार्ग मोकळा होतो. घाईत दुसऱ्या मेल सर्व्हिसवर गेलात तर एसपीएफमध्ये तिला आधी बसवा. आणि नवीन डोमेन घेऊन त्याच दिवशी हजार मेल उडवू नका. नव्या डोमेनला पतच नसते, ते जुन्यापेक्षा लवकर अडकतं.

दोष समोरच्याचा असतो तेव्हा

कधीकधी अडवणाराच चुकलेला असतो. स्पॅमहाउसची फुकट यादी सार्वजनिक डीएनएसमधून विचारली तर ते १२७.२५५.२५५.२५४ असं, ‘विचारण्यात चूक आहे’ हा इशारा देणारं उत्तर देतात. समोरच्याचा सर्व्हर नीट लावलेला नसेल तर तो त्यालाच ‘यादीत आहे’ समजतो आणि येणारा प्रत्येक मेल परत पाठवतो. वर म्हटलेला ‘ओपन रिझॉल्व्हर’ तो हाच. बंद पडलेल्या याद्याही अशाच नडतात. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी पुष्कळांनी ती सर्व्हरमधून काढली नाही. मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक चौकशीला ‘हो, यादीत आहे’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे लोक जागे झाले. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याच्या रॅकवर दहा वर्षं धूळ खात पडलेला फायरवॉल बघितला की मला तेच आठवतं. तुमच्याकडे असा डबा असेल तर त्यातल्या यादींची नावं एकदा वाचून घ्या. ग्राहकाचा मेल तुम्हीच परत पाठवत असाल.

वाशीच्या ऑफिसात पुढे होस्टिंग बदललं, तिन्ही कागद लागले, शेठच्या जीमेलवरचा फॉरवर्ड निघाला. ताईंनी मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘मेल डिलिव्हरी सिस्टिम आलं की दादांना फोन.’ गेल्या मंगळवारी आला. मी दुचाकी सानपाड्याच्या पुलाखाली लावून फोन उचलला, त्यांनी आकडा वाचून दाखवला: ५५२, मग ५.२.२. यादीबिदी काही नव्हतं. समोरच्या साहेबांचा मेलबॉक्स भरला होता.